‘कार्ड आहे ना’ म्हणून निर्धास्त राहू नका : पिंप्राळेकरांना कळकळीचं आवाहन

पिंप्राळ्यातल्या भावांनो, बहिणींनो, आज रात्री जेवणं झाली की घरातलं कपाट उघडा. शेताचे उतारे, मुलांची मार्कशीटं, लग्नाच्या पत्रिका ज्या पिशवीत कोंबून ठेवल्यात, तिथेच कुठेतरी दवाखान्याच्या विम्याचे कागद असतील. ते बाहेर काढा आणि घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला मोठ्याने वाचायला लावा. उद्यावर टाकू नका. मी हे का सांगतोय ते आमच्याच घरात घडलेल्या गोष्टीवरून कळेल.

माझी मोठी बहीण न्हाणीत घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. भाच्याकडे तीन लाखांची पॉलिसी होती. सहा वर्षं त्याने एकही हप्ता चुकवला नव्हता, त्यामुळे आम्ही सगळे निश्चिंत. आईला चार लोकांत कसं ठेवायचं, म्हणून त्याने दिवसाला सहा हजारांची स्वतंत्र खोली घेतली. पॉलिसी आहेच, असं त्याला आणि आम्हालाही वाटलं. ऑपरेशन उत्तम झालं. सहा दिवसांनी घरी सोडायच्या दिवशी बिल आलं २ लाख ४० हजारांचं. विमा कंपनीने मंजूर केले १ लाख ५३ हजार. उरलेले ८७ हजार भरा आणि मग पेशंटला न्या, असं काउंटरवर सांगितलं. तीन लाखांची पॉलिसी, अडीच लाखांच्या आतलं बिल, आणि तरी ८७ हजार खिशातून. दुपारी चार वाजता सुनेची पोत सराफाकडे गेली तेव्हा ते पैसे उभे राहिले.

त्या दिवशी आम्ही सगळे कंपनीच्या नावाने ओरडलो. दोन दिवसांनी मी पॉलिसी घेऊन बसलो तेव्हा लक्षात आलं, की पानं पहिल्या दिवसापासून घरात होती आणि त्यात सगळं लिहिलेलं होतं. आमच्यापैकी कुणीही ती उघडली नव्हती. मी जन्मभर शाळेत मुलांना धडा नीट वाचा म्हणून सांगत आलो, आणि घरातला हा कागद मीच वाचला नव्हता. याची टोचणी अजून जात नाही.

ते ८७ हजार कुठून आले ते सावकाश समजून घ्या, कारण तुमच्या घरीही हेच होऊ शकतं. त्या पॉलिसीत खोलीभाड्याला विमा रकमेच्या एक टक्क्याची मर्यादा होती. तीन लाखांचा एक टक्का म्हणजे दिवसाला तीन हजार. भाच्याने खोली घेतली सहा हजारांची. आम्हाला वाटलं, फरक तीन हजारांचा, सहा दिवसांचे अठरा हजार जातील. तसं होत नाही. पॉलिसीत बसणारी खोली आणि घेतलेली खोली यांच्या भाड्याचं जे प्रमाण, त्याच प्रमाणात इतर खर्चालाही कात्री लागते. सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, भूल, नर्सिंग मिळून १ लाख २० हजार झाले होते. खोली दुप्पट भाड्याची, म्हणून त्यातले निम्मेच, साठ हजार, मिळाले. छत्तीस हजार खोलीभाड्यातले अठरा हजार मिळाले. औषधं, तपासण्या आणि शरीरात बसवलेला सांधा यांचे ८४ हजार होते; त्यातून हातमोजे, डायपर, नोंदणी फी असल्या कंपनी देत नाही अशा वस्तूंचे नऊ हजार गेले. बेरीज करून पाहा, १ लाख ५३ हजारच येतात. भाच्याने तीन हजारांची खोली घेतली असती तर जवळजवळ सगळं बिल निघालं असतं. ही कात्री लागते कारण आपल्याकडच्या बऱ्याच रुग्णालयांत खोली जितकी भारी, तितकी डॉक्टरांची फीही चढत जाते.

यातली एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. औषधं, तपासण्या, इम्प्लांट आणि आयसीयूचा खर्च यांना ही प्रमाणाची कात्री लावता येत नाही, असा विमा नियामक प्राधिकरणाचा नियम आहे. ज्या रुग्णालयात खोलीनुसार दर बदलत नाहीत, तिथेही ती लावता येत नाही. कुणाच्या बिलात असं झालं असेल तर गप्प बसू नका. पण हे मागायला आधी ते ठाऊक असावं लागतं.

आपल्यातल्या कितीतरी घरांची शेती अजून रावेर, यावल, चोपडा भागात आहे. केळीच्या बागायतदाराला फळपीक विम्याबद्दल विचारा. थंडीत पारा किती अंशांखाली किती दिवस राहिला की भरपाई लागू होते, उन्हाळ्यात किती अंशांवर, वाऱ्याचा वेग किती, आपल्या मंडळाचं हवामान केंद्र कुठे आहे, सगळं तो पाठ म्हणून दाखवेल. कुठल्या अधिकाऱ्याला फोन करायचा तेही त्याला ठाऊक असतं. म्हणजे विम्याचे बारकावे आपल्याला कळत नाहीत असं अजिबात नाही. बागेच्या विम्याबाबत इतका जागा असणारा माणूस बापाच्या ऑपरेशनच्या विम्याबाबत मात्र ‘कार्ड शे ना भाऊ’ म्हणून मोकळा होतो. हे मला पाहवत नाही.

गेले काही महिने मी गल्लीत, पिंप्राळा हुडकोत, खोटेनगरात लोकांशी याच विषयावर बोलतोय. विमा आहे का विचारलं की जवळजवळ प्रत्येक जण हो म्हणतो. कोणता, म्हटलं की सर्वांत जास्त ऐकू येणारं उत्तर काय? ‘बँकेत वीस रुपये कापतात ना दरवर्षी.’

बहिणींनो, हे नीट ऐका. बँकेत वर्षाला कापले जाणारे वीस रुपये हे प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे आहेत. त्यातून अपघाती मृत्यू झाला किंवा अपघाताने कायमचं अपंगत्व आलं तरच पैसे मिळतात, जास्तीत जास्त दोन लाख. ४३६ रुपये कापले जातात ते जीवनज्योती विम्याचे. माणूस गेल्यावर वारसाला दोन लाख मिळतात. दोन्ही योजना चांगल्या आहेत, बंद करू नका. पण तुम्ही टायफॉइडने, हृदयविकाराने, मूतखड्याने आजारी पडून दवाखान्यात दाखल झालात तर या दोन्हींमधून एक रुपयाही मिळणार नाही. एका घरातली माउली नवऱ्याला ॲडमिट केल्यावर पासबुक घेऊन काउंटरवर उभी राहिली होती. तिला तिथे ‘हे चालत नाही’ एवढंच सांगितलं गेलं. का चालत नाही, ते कुणीच सांगितलं नाही.

दुसरा कागद म्हणजे रेशन कार्ड, आणि त्यावर मिळणारी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना. तिची सुरुवात २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून आठ जिल्ह्यांत झाली, आणि त्या आठांत आपलं शेजारचं धुळे होतं. जळगावसह उरलेल्या महाराष्ट्रात ती २१ नोव्हेंबर २०१३ ला आली. तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाखांचं संरक्षण होतं. १ जुलै २०२४ पासून ते पाच लाख झालं आणि पिवळ्या-केशरी कार्डाबरोबर पांढऱ्या कार्डवालेही त्यात आले. म्हणजे आता राज्यातलं प्रत्येक कुटुंब यात बसतं. ही खरोखर मोठी गोष्ट आहे. पण तिच्या सीमा आपल्याला ठाऊक नाहीत, आणि माणसं नडतात ती तिथेच.

पाच लाख हे संपूर्ण कुटुंबाला मिळून वर्षाला आहेत, माणशी नाहीत. वडिलांच्या बायपासमध्ये मोठा हिस्सा गेला तर त्याच वर्षी आईला उरलेल्यातूनच भागवावं लागतं. हे पैसे तुमच्या हातातही येत नाहीत. ठरलेल्या उपचाराचं ठरलेलं पॅकेज थेट रुग्णालयाला जातं. आणि उपचार यादीतलाच लागतो. २०२४ च्या विस्तारात त्या यादीत १३५६ उपचार होते. यादी मोठी आहे, पण प्रत्येक ताप, प्रत्येक सलाईन तिच्यात बसत नाही. बाहेरच्या बाहेर दाखवून घेतलेली औषधं आणि तपासण्याही नाहीत. यादीतल्या काही शस्त्रक्रिया फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवलेल्या आहेत. त्या खासगीत करून घेतल्या तर योजना लागू होत नाही.

याहून जास्त फसगत होते ती रुग्णालय निवडताना. बाहेर योजनेचा फलक दिसला की आपण आत शिरतो. पण रुग्णालय योजनेत असतं ते ठरावीक विभागांसाठी. एखादं कर्करोगासाठी असेल, हाडांसाठी नसेल. म्हणून ‘योजना आहे का’ एवढंच विचारू नका. ‘या आजाराच्या या उपचाराला तुमच्याकडे योजना लागते का’ असं विचारा. आणि विचारा आरोग्यमित्राला. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याचं कामच हे आहे. दाखल व्हायच्या आधी, ॲडव्हान्स भरायच्या आधी त्याच्याकडे जा. योजना पूर्णपणे कॅशलेस आहे. आधी पैसे भरून, नंतर बिलं दाखवून ते परत मिळवता येत नाहीत. रात्री-बेरात्री तातडीचा पेशंट असेल तरी दाखल करताना लगेच योजनेचं नाव घ्या. फोनवरून तातडीची नोंद करून उपचार सुरू करायची सोय आहे, कागद मागाहून देता येतात. फोन १५५३८८ किंवा १८००२३३२२०० वर करा. हे दोन नंबर आज मोबाइलमध्ये साठवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या साध्या फोनमध्येही साठवून द्या.

रेशन कार्डावर सुनेचं नाव चढलंय का? नातवाचं? आधारवरचं नाव आणि कार्डावरचं नाव जुळतं का? माहेरचं आडनाव, सासरचं आडनाव, एका अक्षराची चूक, वडिलांच्या नावाऐवजी आजोबांचं नाव, या बारीकसारीक गोष्टींवर मंजुरी अडकते आणि मग पेशंट स्ट्रेचरवर असताना मुलगा सेतू केंद्राच्या रांगेत उभा राहतो. दुरुस्ती आज करायला अर्धा दिवस जाईल. तो अर्धा दिवस आज काढा. सत्तरी ओलांडलेले आई-वडील घरात असतील तर त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढून घ्या. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ते उत्पन्नाची अट न लावता मिळतं.

आपल्याकडून महामार्ग जातो, अपघात नेहमीचे आहेत, म्हणून एवढं ध्यानात ठेवा : रस्त्यावरच्या अपघातातल्या जखमीला पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंतचे उपचार विनामूल्य द्यायची केंद्राची योजना ५ मे २०२५ पासून लागू आहे. जखमीला उचलून नेणाऱ्याने काउंटरवर हे सांगायला हवं.

एमआयडीसीत चटई, पाइप, डाळ मिलमध्ये काम करणाऱ्या माझ्या पोरांनो, तुमच्या पगारपत्रकात ईएसआयसीची कपात दिसते का बघा. महिना एकवीस हजारांपर्यंत पगार असेल तर तुमचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के त्यात जातात. पैसे जात असतील तर उपचाराचा हक्क तुमचाही आहे आणि घरच्यांचाही. पण घरच्यांची नावं नोंदवली असतील तरच. आणि तातडीचा प्रसंग सोडला तर ईएसआयसीच्या दवाखान्यातून चिठ्ठी घेऊनच पुढच्या रुग्णालयात जावं लागतं. तुमच्यातल्या किती जणांनी आई-वडिलांचं नाव चढवलंय? कपात होत नसेल तर का होत नाही, ते सुपरवायझरला विचारा, एकट्याने भीती वाटत असेल तर चौघांनी मिळून विचारा.

आता ज्यांच्याकडे खासगी मेडिक्लेम आहे त्यांच्याशी थोडं कठोर बोलतो. फॉर्म कुणी भरला? बहुतेक ठिकाणी एजंटने. साखर आहे का, बीपी आहे का, पूर्वी ऑपरेशन झालंय का, या रकान्यांत ‘नाही’ कुणी लिहिलं? त्यानेच, आणि आपण सही केली. हप्ता कमी बसावा, पॉलिसी पटकन मिळावी म्हणून दोघांनी मिळून आजार लपवला. मग तिसऱ्या वर्षी हृदयाचा त्रास होतो, दवाखान्याच्या जुन्या केसपेपरवर ‘दहा वर्षांपासून मधुमेह’ लिहिलेलं निघतं आणि दावा नाकारला जातो. असा लपवलेला आजार आज तुमच्या पॉलिसीत असेल तर कंपनीला लेखी कळवा. हप्ता वाढेल, थांबायला लागेल, कदाचित नव्याने अटी येतील. तरी कळवा.

आधीचा आजार सांगितला म्हणून तो कधीच मिळत नाही, हा गैरसमज आहे. १ एप्रिल २०२४ पासून आधीच्या आजारासाठी थांबायचा काळ जास्तीत जास्त तीन वर्षं ठरवला गेलाय, पूर्वी तो चार वर्षं होता. सलग पाच वर्षं पॉलिसी चालू राहिली की माहिती दिली नाही एवढ्या कारणाने दावा नाकारता येत नाही; फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. म्हणूनच हप्त्यात खंड पडू देऊ नका. खंड पडला की ही सगळी वर्षं पुन्हा शून्यावर येतात. मोतीबिंदू, हर्निया, गुडघा असल्या ठरावीक आजारांनाही थांबायचा काळ असतो आणि नवी पॉलिसी घेतल्यावर अपघात सोडला तर पहिले तीस दिवस काहीच मिळत नाही. ‘आरोग्य संजीवनी’ या सगळ्या कंपन्यांकडे सारख्या अटींवर मिळणाऱ्या पॉलिसीचंच उदाहरण घ्या ना. तीही म्हणते : खोलीभाडं विमा रकमेच्या दोन टक्के, आणि काही झालं तरी दिवसाला पाच हजारांहून जास्त नाही, मोतीबिंदूला एका डोळ्यामागे विमा रकमेच्या पंचवीस टक्के किंवा चाळीस हजार, यांतलं जे कमी असेल ते, आणि प्रत्येक दाव्यातला पाच टक्के वाटा तुमचा. हे आधी माहीत असेल तर माणूस त्या हिशेबाने खोली घेतो, त्या हिशेबाने पैसे बाजूला ठेवतो.

सगळी चाळीस पानं वाचा असं मी म्हणत नाही. पॉलिसीबरोबर ग्राहक माहितीपत्रक द्यायचं बंधन कंपनीवर आहे. थोडक्या पानांत सोप्या भाषेत काय मिळतं, काय नाही, किती थांबायचं, कुठे मर्यादा आहे, ते त्यात असतं. मागितलं तर ते मराठीत द्यावं लागतं. मागा. नवी पॉलिसी हातात आल्यावर तीस दिवस असतात. अटी पटल्या नाहीत तर ती परत करता येते.

दावा चुकीने नाकारला गेला असं वाटलं तर आधी कंपनीला लेखी तक्रार द्या. महिनाभरात समाधान झालं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जा. वकील लागत नाही, फी नाही, पन्नास लाखांपर्यंतचे वाद तिथे ऐकले जातात. नियामकाचा तक्रार नंबर १५५२५५ आहे.

एजंट बंधूंनो, तुम्हीही इथलेच आहात, एका पंगतीत आपण जेवतो. पॉलिसी विकताना हप्ता आणि रक्कम सांगता, खोलीभाड्याची मर्यादाही त्याच दमात सांगा. फॉर्ममधला आजाराचा रकाना ग्राहकाला स्वतः भरू द्या. रुग्णालय चालवणाऱ्यांना हात जोडून विनंती आहे : पेशंटला खोली देताना ‘तुमच्या पॉलिसीत खोलीला किती मिळतात’ एवढा एक प्रश्न तुमच्या रिसेप्शनवरच्या मुलीने विचारायचा ठेवा. डिस्चार्जच्या वेळी जे भांडण होतं, ते दाखल करताना पाच मिनिटांत मिटेल. गणेश मंडळांच्या पोरांनो, आरोग्य शिबिरात रक्तदाब तपासता, चांगलंच आहे. शेजारी एक टेबल टाका आणि लोकांचे विम्याचे कागद तपासून द्या. त्याला डॉक्टर लागत नाही, शांतपणे वाचणारा माणूस लागतो.

आषाढीला आपल्या पिंप्राळ्याचा रथ निघतो तेव्हा चाक अडवायची मोगरी घेऊन चाकाशी असलेली माणसं तुम्ही पाहिली आहेत. रथ घरावर जाईल असं दिसल्यावर ती माणसं मोगरी शोधायला धावत नाहीत. ती त्यांच्या हातात आधीच असते. हे कागदही तसेच आधी हाताशी असायला हवेत.

मी आणि माझे दोन निवृत्त सहकारी येत्या रविवारपासून चार रविवार, सकाळी आठ ते अकरा, विठ्ठल मंदिराजवळ बसणार आहोत. येताना पॉलिसी, रेशन कार्ड, आधार, बँकेचं पासबुक आणि असेल तर पगारपत्रक घेऊन या. कागदांच्या झेरॉक्स आम्ही ठेवून घेणार नाही, कुणाला काही विकणार नाही, एक पैसा घेणार नाही. तुमच्यासमोर वाचू, ज्या ओळी महत्त्वाच्या आहेत त्यांच्याखाली पेन्सिलने रेघ मारून देऊ. एका कोऱ्या कागदावर लिहून देऊ : किती रक्कम, किती जणांत, खोली किती रुपयांपर्यंत, कोणत्या आजाराला किती थांबायचं, फोन कुठे करायचा. तो कागद घरी फ्रिजवर किंवा देवघराच्या भिंतीला चिकटवा. ज्यांना चालता येत नाही त्यांच्या घरी आम्ही येऊ, फक्त शेजाऱ्याने निरोप द्यावा.

बहिणीच्या सुनेची पोत अजून सराफाकडेच आहे. भाचा दर महिन्याला व्याज भरतो. रविवारी तोही आमच्यासोबत बसणार आहे.